बडोद्याला बी.ए. करू द्यावं का?

प्रश्न : ताई, मुलगी यंदा कॉमर्समधून बारावी झाली. आता म्हणते इतिहासात बी.ए. करायचं, तेही बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. माझी बहीण तिथेच असते, राहायची अडचण नाही. पण घरात सगळ्यांचं एकच पालुपद : आर्ट्स करून पोट भरतं का?
– एक आई, नंदुरबार

उत्तर : आधी एक घोळ निस्तरू. बडोद्यात नुसतं ‘आर्ट्स’ म्हटलं तर समोरचा फाइन आर्ट्सचा रस्ता दाखवेल. चित्र-शिल्पाची ती फॅकल्टी वेगळी. मानसशास्त्रसुद्धा शिक्षणशास्त्राच्या फॅकल्टीत आहे. तुमच्या मुलीने जायचं ते मोठ्या घुमटाच्या इमारतीत. चिझम नावाच्या इंग्रज वास्तुकाराने आखलेलं ते जुनं बडोदा कॉलेज, १९४९ साली विद्यापीठात आलं. अरविंद घोष तिथे इंग्रजी आणि फ्रेंच शिकवायचे. विनोबाही तिथलेच विद्यार्थी. इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले ते सुरतेलाच उतरून काशीला गेले. (हे तेवढं घरी सांगू नका.)

इतिहास जरूर घेऊ दे, पण एकटा नको. जोडीला मराठी किंवा फारसी घ्यायला लावा. तिथे दोन्हींचे विभाग आहेत. गायकवाडांचं जुनं दप्तर मोडी लिपीत आहे, आणि ते बडोद्यातच आहे. मी दप्तरं उलगडण्यात बरीच वर्षं घालवलेली बाई आहे, म्हणून सांगते. मोडीचा कागद हातात घेतला की आधी दिसते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली रेघ. खाली सगळी अक्षरं एकमेकांत अडकवलेली, शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं. ते जमलं की तारीख आडवी येते : ‘सलास सबैन मया व अलफ’. हे अरबी आकडे. तीन, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११७३, आपलं १७७२-७३. नुसतं मराठी येणारा इथे अडतो, नुसतं फारसी येणारा पुढच्याच ओळीला.

पोटापाण्याचं म्हणाल, तर २०२३ मध्ये आपल्याकडे कुणबी नोंदी तपासायची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आठवा. जमिनीच्या, वतनाच्या भांडणांत जुने कागद निघतात तेव्हाही तेच. पगार पहिल्या दिवसापासून गलेलठ्ठ मिळेल असं नाही. पण या कामाला माणसं कमी आणि कागद ढीगभर आहेत.

मात्र फी भरण्याआधी विभागात फोन करा. छोट्या भाषाविभागांत शिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामी राहते, हा सगळीकडचाच रोग. तेव्हा विषय माहितीपत्रकात आहे का, एवढंच विचारू नका. यंदा तो शिकवणार कोण, आणि इतिहासाच्या तासांशी त्याची वेळ आपटत नाही ना, हेही विचारा.