दाढेसाठी ॲसिट्रॉम बंद केलीय? आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोप लागली नाही. आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची एक झडप) दोन वर्षांपूर्वी बदललाय, मेटलचा आहे, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲसिट्रॉम चालू होती. खालची दाढ काढायची आहे, दाताच्या डॉक्टरांनी "रक्त पातळ व्हायची गोळी पाच दिवस बंद करून या" सांगितलं, म्हणून तुम्ही परवापासून बंद केलीत. दाढ सोमवारी निघणार. पालेभाज्याही बंद केल्यात, तरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, वर-खाली होतोय. आणि सारखी टेस्ट करावी लागणार नाही अशी नवी गोळी चालेल का, असं विचारलंय.

बाकी सगळं नंतर. आधी आजच्या आज आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा: "गोळी दोन दिवस बंद आहे, आज आयएनआर काढू का? आणि आज संध्याकाळी गोळी देऊ का?" दाताच्या डॉक्टरांना नाही, मेडिकलवाल्याला नाही आणि मलाही नाही. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत हिशेब लिहिते. पण या गोळीबरोबर आमच्या घरानं चौदा वर्षं काढली आहेत आणि तुम्ही आज जिथे उभे आहात तिथे मी 2016 मध्ये उभी होते. माझ्या हातून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे लांबलचक लिहितेय.

आईला लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे. "सांधे धरलेत" म्हणून शेक दिला गेला आणि विषय तिथेच राहिला. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं, हे आम्हाला चाळीस वर्षांनी कळलं. 2011 मध्ये मेटलचा व्हॉल्व्ह बसला. ऑपरेशन उत्तम झालं. पुढची पाच वर्षंही चांगली गेली. आई संध्याकाळी सातला गोळी घ्यायची, मी महिन्यातून एकदा आयएनआर करून आणायचे आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लाल पेनानं लिहायचे. 2.8, 3.1, 2.6, 2.9. मायट्रलच्या मेटल व्हॉल्व्हसाठी साधारण 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात, तुमच्या आईचा नेमका आकडा तुमचे डॉक्टर सांगतील.

मग दाढ दुखायला लागली, आणि तुम्हाला सांगितलं तेच आम्हाला सांगितलं गेलं. पाच दिवस बंद.

हे पाच दिवस कुठून आले ते मला फार उशिरा समजलं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं यकृतात तयार होतात: फॅक्टर 2, 7, 9 आणि 10. त्यांना तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं. यकृत तेच व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा ताजं करून वापरतं आणि आपली गोळी नेमकं ते ताजं करणं अडवते. रक्त पाण्यासारखं पातळ वगैरे काही होत नाही, गुठळी व्हायला वेळ लागतो, इतकंच. या गटातली जगभर जास्त वापरली जाणारी गोळी म्हणजे वॉर्फरिन. ती शरीरात बराच काळ रेंगाळते, बंद केल्यावर आयएनआर खाली यायला चार-पाच दिवस जातात. पाच दिवसांचा हिशेब तिचा आहे. ॲसिट्रॉम म्हणजे असेनोकुमारॉल, ती फार लवकर उतरते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत आयएनआर जवळपास सामान्य माणसाइतका होतो. म्हणजे ॲसिट्रॉम पाच दिवस बंद ठेवली तर शेवटचे दोन-तीन दिवस मेटलच्या व्हॉल्व्हला काहीच संरक्षण राहत नाही. रक्ताच्या दृष्टीनं तो परका पदार्थच, त्यावर गुठळी धरायला रक्त टपलेलंच असतं. त्यातही मायट्रलच्या जागी धोका जास्त, कारण तिथून रक्त सावकाश वाहतं.

आमचे पाच दिवस पाचावर थांबलेच नाहीत, आणि सगळ्यात महाग पडलं ते हेच.

सोमवारी संध्याकाळपासून गोळी बंद केली. शनिवारी आईला दाताच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नवं ऐकायला मिळालं: आयएनआरचा ताजा रिपोर्ट हवा आणि हृदयाच्या डॉक्टरांचं "काढायला हरकत नाही" असं पत्र हवं. हे आधी का सांगितलं नाही, याला उत्तर नव्हतं. रविवार गेला. सोमवारी सुट्टी टाकून मोठ्या दवाखान्यात गेले, तर खिडकीवर सांगितलं, व्हॉल्व्हची ओपीडी फक्त गुरुवारी. मी म्हटलं, नुसतं पत्र हवंय. "पेशंट बघितल्याशिवाय पत्र मिळत नाही." गुरुवारी आईला घेऊन पहाटेच्या एसटीनं गेले, केसपेपर काढला, दीडपर्यंत बसलो. नंबर आल्यावर टेबलावरच्या माणसानं फाईल चाळली आणि म्हणाला, ऑपरेशनचं मूळ डिस्चार्ज कार्ड लागेल, झेरॉक्स चालणार नाही. मूळ कार्ड घरी, लोखंडी कपाटात. "मग पुढच्या गुरुवारी या."

तिघांशी बोलणं झालं आणि तिघांनाही मी सांगितलं की गोळी बंद आहे. "मग ती चालू करा, पत्राचं नंतर बघू" हे एक वाक्य एकानंही उच्चारलं नाही. माझी चूक त्याहून मोठी, कारण घर माझं आणि आई माझी. मला वाटत राहिलं की आता चालू केली तर परत पाच दिवस मोडावे लागतील, त्यापेक्षा राहू दे. कॅलेंडरवर सोमवारपासून मी फुल्या मारत होते. अकरा फुल्या डोळ्यांसमोर असताना मला त्यांचा अर्थ लागला नाही.

शनिवारी रात्री लाइट गेली. मेटलचा व्हॉल्व्ह आवाज करतो, हे तुम्हाला माहीतच असेल. आमच्याकडे पंखा बंद पडला की शेजारच्या गादीवरून आईची टिकटिक ऐकू यायची, मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यावर येते तशी. सुरुवातीला त्या आवाजानं माझी झोप उडायची, पुढे त्याशिवाय झोप येईनाशी झाली. त्या रात्री पंखा थांबला आणि टिकटिक आली नाही. कान देऊन ऐकलं तर अगदी दबका, कापडात गुंडाळल्यासारखा आवाज होता. मला वाटलं, ती कुशीवर झोपलीय म्हणून असेल. मी झोपले. पहाटे पाचला बघते तर आई भिंतीला टेकून बसलेली, आडवं झालं की श्वास कोंडत होता, बोलताना दोन शब्दांत धाप.

आयएनआर 1.1 होता, म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाइतका. एक्स-रेच्या पडद्यावर व्हॉल्व्हच्या दोन पाकळ्या दिसत होत्या, एक हलत होती आणि दुसरी जागच्या जागी. गुठळी विरघळवण्यासाठी स्ट्रेप्टोकायनेज लावलं, आधी अडीच लाख युनिट अर्ध्या तासात, मग तासाला एक लाख. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकळी सुटली. टिकटिक परत आली तेव्हा आयसीयूतल्या सिस्टरनी मला आत बोलावून ऐकवली. पण विरघळताना गुठळीचा एक तुकडा मेंदूकडे गेला. आईचा उजवा हात गेला. फिजिओथेरपीनं बराच परत आला, कपबशी धरते, केस विंचरते. भाकरी थापता येत नाही. पीठ मळून देते आणि परातीसमोर बसून मला सांगते, कडा जाड राहिली.

दाढ तशीच होती. ती चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी काढली, गोळी एकही दिवस बंद न करता. आदल्या दिवशीचा आयएनआर 2.6. एक टाका घातला, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला गॉज चावून धरायला दिला आणि तासभर तिथेच बसवून ठेवलं. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा जेवढं रक्त आलं होतं, तेवढंच आलं.

तेव्हा माझं मत पक्कं आहे, आणि पटलं नाही तरी आईच्या डॉक्टरांना नक्की विचारा: साधी एखाददुसरी दाढ काढायला मेटल व्हॉल्व्हवाल्यांची गोळी बंद करायची नसते. आयएनआर आवाक्यात आहे ना (दातांच्या कामाला साधारण 4 च्या खाली), हे एक-दोन दिवस आधी बघायचं आणि रक्त तोंडातच थांबवायचं. तोंडातला रक्तस्राव दिसतो, दाबून थांबवता येतो. व्हॉल्व्हवरची गुठळी दिसत नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी गोळी थांबवावीच लागते, पण मग मधल्या दिवसांत गुठळी होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची का आणि गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायचं असतं. चालू करायची तारीख लिहिल्याशिवाय बंद करायला कोणी सांगितलं, तर ऐकू नका. आणि एक, दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिक घ्यावं लागतं, कृत्रिम झडपेला जंतू धरू नयेत म्हणून. दाताच्या डॉक्टरांना याची आठवण तुम्हीच करा.

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

पालेभाज्या बंद करू नका. आम्हीही केल्या होत्या. आयएनआर उलट जास्त हलायला लागला, कारण शरीरात व्हिटॅमिन केचा साठा राहिला नाही की एका दिवशी खाल्लेल्या शेपूनंही फरक पडतो. आठवड्याला ठरावीक तेवढीच भाजी खाल्ली की डॉक्टर त्या हिशेबानं गोळी बसवतात. मेथी, पालक, अळू, चाकवत, शेवग्याचा पाला या सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर. थंडीत मेथी स्वस्त झाली की आईचा आकडा खाली यायचा आणि श्रावणात उपवास वाढले की वर जायचा. कॅलेंडरवरच आकडे असल्यामुळे हे लक्षात आलं, तुम्हीही तसंच लिहून ठेवा.

नवी, टेस्ट न लागणारी गोळी मेटल व्हॉल्व्हला चालत नाही. डॅबिगॅट्रान ही त्यातली एक गोळी अशा पेशंटना देऊन बघितली होती, पण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून 2012 मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. कोणी प्रेमानं परदेशातून आणून दिली तरी घेऊ नका.

जुलाबाला मेट्रोनिडॅझोल, बुरशीला फ्लुकोनॅझोल, अंगदुखीला डायक्लोफेनॅक, यातलं काहीही मेडिकलमधून परस्पर नको. पहिल्या दोन्हींनी आयएनआर झपाट्यानं चढतो. क्षयाच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिननं उलट उतरतो. काढे, चूर्णं घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. कमरेत इंजेक्शन घेऊ नका, आत रक्त साचतं. स्ट्रिप घेताना गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते दुकानातच वाचा.

रक्त एकाच लॅबमध्ये द्या. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली की नाही ते बघा. आत आधीच ठरावीक औषध असतं, रक्त कमी पडलं तर आकडा खोटा वर येतो आणि तुम्ही विनाकारण गोळी कमी करता.

तुमच्या मावशींनी "हे उंदराचं औषध आहे" म्हटल्याचं लिहिलंय. गोष्ट खरी आहे. अमेरिकेत 1920 च्या दशकात गोड क्लोव्हर नावाच्या वनस्पतीचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरत होती, त्याचा शोध घेताना विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत या औषधांचा गट सापडला. त्यातलं वॉर्फरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांतच माणसांनाही दिलं जाऊ लागलं. फरक मात्रेचा आहे, आणि मात्रा बरोबर आहे की नाही हे कळावं म्हणूनच तर आपण दर महिन्याला रक्त देतो. मावशींना एवढं सांगा, आईसमोर तो शब्द काढू देऊ नका. माझ्या आईनं एकदा तेवढ्यावरून दोन दिवस गोळी उशीखाली सरकवली होती.

पत्रासाठी फेऱ्या मारायची वेळ आलीच तर मूळ डिस्चार्ज कार्ड, व्हॉल्व्हचं छोटं कार्ड आणि शेवटचे तीन आयएनआर एका पिशवीत घालूनच निघा. आणि पत्र मिळेपर्यंत गोळीचं काय करायचं, हे खिडकी सोडण्याआधी विचारा.

आज रात्री पंखा पाच मिनिटं बंद करून आईजवळ बसा. आवाज नेहमीसारखा खणखणीत आला तरी फोन करायचा आहेच. दबका वाटला, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर सकाळची वाट बघू नका, गाडी काढा. फोनवर काय सांगितलं ते इथे लिहा, मी बघत राहीन.