यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा इतकी शतकं कसा उभा राहिला?

श्रेय त्याच्या सांध्यांना. चीनच्या शान्शी प्रांतातला हा पॅगोडा ल्याव राजवटीत, 1056 साली बांधला. उंची सुमारे 67 मीटर. खांबांच्या माथ्यावर लाकडी ठोकळे आणि आडव्या दांड्यांचे घोस दिसतात, त्यांना तोउकुंग म्हणतात. इथे त्यांचे 54 प्रकार आहेत! एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत नुसतं बसवलेलं, त्यामुळे भूकंपात सांधे किंचित सरकतात, कुरकुरतात, पण तुटत नाहीत. बाहेरून मजले पाच दिसतात. मध्ये चार लपलेले, तिरप्या आधारांनी आवळलेले.

भूकंप पचवले, माणसं नडली. 1930च्या दशकात मातीच्या भिंती आतल्या तिरप्या लाकडांसकट काढून जाळीची दारं बसवली. आता दुसरा मजला चांगलाच कललाय आणि वर जायला बंदी आहे.