आई 87व्या वर्षी गेली, तरी सावरता का येत नाही?

'वय झालेच होते, मग इतका त्रास का होतो?' वृद्ध आईच्या निधनानंतर पन्नाशी-साठीतल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी समुपदेशनाच्या सत्रांत वारंवार ऐकते. कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेने तो विचारला तेव्हा आई जाऊन आठ महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भेटायला येणारा प्रत्येक जण 'पतवंडे पाहिली, सोने झाले' असे म्हणून गेल्यामुळे, मोकळेपणाने रडणेही आपल्याला शोभत नाही असे तिला वाटू लागले होते. माझ्या मते, वयामुळे मृत्यू अनपेक्षित राहत नाही इतकेच. 58 वर्षांचा सहवास संपल्याचे दुःख त्याने हलके होत नाही.

हा आजार तर नाही ना, अशीही तिला भीती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाच्या विकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. पण केवळ कालावधी पुरत नाही, रोजचे जगणेही त्या शोकामुळे विस्कळीत झालेले असावे लागते. ती जेवत होती, झोपत होती, नातवाचा अभ्यास घेत होती. तसे नसते, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नक्कीच पाठवले असते.

खरी अडचण वर्षश्राद्धाची होती. भावांनी आईविषयी पानभर लिहायला सांगितले होते आणि 'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक' यापुढे तिची लेखणी सरकत नव्हती. "आईने घर सांभाळलं, एवढंच लिहायचं का?" असे म्हणताना तिला स्वतःचाच राग येत होता. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97; आणि आठवणी लिहिताना मात्र हे रोजचे पाच तास एका 'प्रेमळ'मध्ये गडप होतात, याचे मला फार वाईट वाटते.

मी तिला विशेषणे बाजूला ठेवून आईने प्रत्यक्ष काय काय केले तेवढेच लिहायला सांगितले. पुढच्या वेळी ती आईच्या हिशेबाच्या वह्या घेऊन आली. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटून नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी शिरले, तेव्हा आई नवी सून होती. सर्वांत जुन्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते : 'गव्हाचा डबा – गेला. शेगडी – मिळाली, धुतली. पाटा – शेजारच्या चौकात.' बऱ्याच वर्षांनंतरच्या एका वहीत एकच ओळ होती : 'मुलीची सहल 12 रु., दुधातून काढले.' त्या महिन्यात आई कोरा चहा का पीत होती, हे तिला माझ्यासमोर बसून उमगले आणि ती हुंदके देऊन रडली. मी तिला थांबवले नाही.

वर्षश्राद्धाला तिने त्या नोंदीच वाचून दाखवल्या. त्यानंतरच्या सत्रांत ती आईच्या अंथरुणाला खिळलेल्या शेवटच्या दोन वर्षांविषयी, रात्री-अपरात्री उठून आलेल्या वैतागाविषयी आणि एकदा आईवर ओरडल्याविषयी बोलू लागली. आधीच्या आठ महिन्यांत यातले अवाक्षरही तिने कोणाजवळ काढले नव्हते.