अमेरिकेत विद्यापीठाच्या कृषी व रोडिओ (घोडे-बैल हाताळण्याच्या कौशल्याच्या स्पर्धा) विभागातील माजी विद्यार्थ्यांचा गौरव फक्त स्पर्धा जिंकल्याबद्दलच होतो का?

नाही, मैदानावरील विजेतेपदांइतकेच, आणि काही वेळा त्याहून अधिक, पशुपालन व रोडिओ व्यवसाय उभा करणाऱ्या कामालाही महत्त्व दिले जाते. कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथील कॅल पॉली विद्यापीठ हे याचे चांगले उदाहरण आहे. धावत्या वासराला दोरीच्या फासात पकडणे आणि बैलाला शिंगे धरून लोळवणे या प्रकारांत निपुण असलेले टॉम फर्ग्युसन तेथेच शिकले आणि 1974 ते 1979 अशी सलग 6 वर्षे सर्वांगीण (एकाहून अधिक प्रकारांतील कामगिरी मिळून ठरणारे) जगज्जेते ठरले. तरीही विद्यापीठाच्या रोडिओ मैदानाला नाव आहे ते कॉटन रॉसर या दुसऱ्या माजी विद्यार्थ्याचे, ज्यांनी ‘फ्लाइंग यू’ ही रोडिओंना घोडे व बैल पुरवणारी संस्था कित्येक दशके चालवली. मला हा निर्णय अत्यंत योग्य वाटतो, कारण उत्तम, निरोगी जनावरे सांभाळणारा माणूस नसेल तर स्पर्धकाचे कौशल्य दिसणारच नाही. शिवाय 1949 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन रोडिओ संघटनेच्या स्पर्धांत उतरण्यासाठी विद्यार्थ्याला अभ्यासातही किमान पात्रता राखावी लागते, त्यामुळे शिक्षण आणि मैदान यांचे नाते पहिल्यापासूनच जवळचे आहे. मात्र विद्यापीठाचा असा सन्मान आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या व्यावसायिक रोडिओ गौरव दालनातील समावेश या स्वतंत्र गोष्टी असून त्यांची निवडही वेगवेगळी होते.