गळाला आमिष लावताना हातमोजे घालावेत का?

कणकेच्या गोळ्याला गरज नाही. कोळंबी, तारलीचे तुकडे किंवा कोंबडीची आतडी असतील तर घाला, पण एकाच हातात. गांडुळाचं थोडं वेगळं आहे.

तुम्ही खाडीत गरवता आणि हाताच्या वासाने मासा आमिष सोडतो का, असंही विचारलंय. माणसाच्या कातडीतल्या सेरीन या अमिनो आम्लाला सामन मासे बिचकतात, हे कॅनडात १९५०च्या दशकात दिसून आलं होतं. पण ते नदीत वर चढणारे सामन. खाडीतल्या शिंगाळ्याला तोच नियम लावायचं कारण मला दिसत नाही, त्यातून कोळंबीचा वास तुमच्या हातापेक्षा कितीतरी उग्र. डासांच्या मलमाची मात्र काळजी घ्या. त्यातलं डीट हे रसायन मऊ प्लास्टिकचं नकली आमिष चिकट करून टाकतं. मलम हाताच्या पाठीने चोळा, तळव्याने नको.

मोज्याचं खरं काम चिरलेल्या बोटांत घाण जाऊ न देणं, एवढंच. टोचणं तो थांबवत नाही. कोळंबीच्या डोक्यावरची करवत पातळ मोजा सहज भोसकते, म्हणून आधी डोकं मोडून टाका आणि शेपटीचा पंखा मधल्या टोकदार काट्यासकट चिमटून काढा. मग शेपटीकडून गळ घालून अंगाच्या वळणाबरोबर सरकवा आणि टोक पोटाकडून बाहेर काढा.

टोचलंच तर स्वच्छ पाणी आणि साबणाने लगेच धुवा. दोन ते सात दिवसांत बोट जांभळट लाल होऊन ठणकू लागलं, तर मासे-कोळंबी हाताळणाऱ्यांना होणारा एरिसिपेलोथ्रिक्स या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. दुसरा एक जिवाणू दोन-चार आठवड्यांनी गाठ उठवतो आणि तोवर कोळंबी टोचल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं, तेव्हा डॉक्टरांना आठवणीने सांगा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल आणि काही तासांतच सूज, ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. उबदार, मचूळ पाण्यातला व्हिब्रिओ हा जिवाणू जिवावर बेततो.

गांडूळ बिचारं निरुपद्रवी, भानगड असते ती मातीत. पावसाळ्यात गोठ्यामागे उकरायचं तर उंदरांच्या मुतातून लेप्टो होण्याची भीती असते. उकरताना जाड रबरी मोजे घाला. गळाला लावताना हात धड असेल तर उघडाच चालतो.

मोजे नायट्राईलचे (पातळ कृत्रिम रबराचे), बिनपावडरचे, बोटांना घट्ट बसणारे घ्या. औषधाच्या दुकानात शंभराचा खोका मिळतो. भांडी घासायच्या जाड मोज्यात गळाचं टोक कुठे आहे ते कळत नाही. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि त्यात गळाचा उलटा काटा अडकला की सोडवता सोडवता वैताग येतो. मोजा आमिषाच्या हातात, दुसरा हात रील, मोबाइल आणि वडापावसाठी मोकळा. मोजा घालून रीलची मूठ धरलीत की सगळं मुसळ केरात, कारण पुढे त्याच मुठीवरून बुळबुळ उघड्या हाताला लागते. फाटला की बदला, उलटा करून काढा, पिशवीत घालून घरी आणा. खाडीत फेकू नका.

मासा सोडायचा असेल तर मोजा काढा, हात ओले करा, मगच त्याला धरा. कोरड्या मोज्याने अंगावरची बुळबुळीत साय निघते. शिंगाळ्याच्या काट्यांपुढे नायट्राईलचं काही चालत नाही. गळ लांब नाकाच्या पकडीने काढा. काटा लागलाच तर तुकडा आत राहिला नाही ना ते बघा आणि सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते न लागलेल्या हाताने आधी तपासा, ठणकणाऱ्या हाताला अंदाज येत नाही.

परत निघताना घरून आणलेल्या पाण्याने आणि साबणाने हात धुवा, खाडीच्या पाण्याने नको. बुळबुळ असताना सॅनिटायझर फारसं काम करत नाही. वास राहिलाच तर आमसुलाचं पाणी किंवा लिंबू चोळा, आंबटाने माशाचा वास मरतो. चिरलेल्या बोटाला मात्र लावू नका, भयंकर झोंबतं.