स्वस्तात ऑनलाइन कार्ड पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवावा का, आणि ते ओळखायचं कसं?

तुमच्या प्रश्नातलं 'एवढा कमी रेट म्हणजे काहीतरी गडबड असणारच ना?' हे वाक्य वाचलं आणि थेट आमचा दादा आठवला. गेली चार वर्षं प्रत्येक भेटीत मी हेच ऐकतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी हाताने शिवलेल्या डायऱ्या आणि प्लॅनर ऑनलाइन विकतो. वर्षाचे दहा महिने धंदा रांगतो आणि शेवटचे दोन महिने पळतो. सुरुवातीला एक स्वस्त प्रोसेसर घेतला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कार्डातून पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी कंपनी. जाहिरातीत १.४ टक्के रेट, म्हणजे प्रत्येक विक्रीतून तेवढं कापणार. दादा त्याच दिवशी म्हणाला, फसशील. पहिले सात महिने सगळं मख्खन, तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. मग मी पुढच्या वर्षीच्या प्लॅनरची प्री-ऑर्डर उघडली, कुणीतरी आमच्या बाइंडिंगचा व्हिडिओ टाकला, आणि जिथे महिन्याला जेमतेम ४० ऑर्डर यायच्या तिथे चार दिवसांत ३४० आल्या. मी हवेत. कागदवाल्याला, बाइंडिंगवाल्याला, खोकी बनवणाऱ्याला, सगळ्यांना आगाऊ पैसे देऊन मोकळा झालो, कारण माझे येणारच होते ना.

पाचव्या दिवशी सकाळी प्रोसेसरचा डॅशबोर्ड उघडला तर 'पुढचा पेआउट'च्या, म्हणजे माझ्या खात्यात येणाऱ्या पैशांच्या समोर तारखेऐवजी नुसती आडवी रेघ. वर पिवळी पट्टी, त्यात एकच ओळ, तुमच्या खात्याची तपासणी सुरू आहे. रक्कम दिसत होती, रोज वाढतही होती, हात तेवढा लावता येत नव्हता. सपोर्टला लिहिलं की प्रत्येक वेळी नवीन नावाचा माणूस तेच उत्तर पाठवायचा, फोन नंबर नाहीच. त्यात वाईट म्हणजे नवीन पेमेंट ते घेतच होते, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कार्डातून पैसे कापले जातायत, डायरी द्यायची जबाबदारी माझी, आणि पैसे त्यांच्याकडे. अकराव्या दिवशी मेल आला, रक्कम १८० दिवस राखून ठेवण्यात येत आहे. १८० दिवस! तोवर प्लॅनरचं निम्मं वर्ष संपतं. उसनवारी करून ऑर्डर पाठवल्या, कुणाकडून केली ते चाणाक्ष वाचकांना कळलंच असेल.

त्या रात्री अॅग्रीमेंट पहिल्यांदा वाचलं. बावीसाव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की माल उशिरा द्यायचा असेल किंवा विक्री नेहमीच्या मानाने एकदम वाढली तर पैसे रोखायचा हक्क त्यांना आहे. माझ्या बाबतीत दोन्ही. आणि खातं उघडताना 'अंदाजे मासिक विक्री'च्या रकान्यात मीच आळसाने सगळ्यात छोटा आकडा निवडला होता.

आता ते असं का करतात. चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँकेने पैसे परत ओढून घेणं. गिऱ्हाइकाला माल मिळाला नाही म्हणून बँकेकडे तक्रार करायला कार्डाच्या नियमांत साधारण १२० दिवस मिळतात, आणि प्री-ऑर्डरमध्ये हे दिवस बहुतेक वेळा डिलिव्हरीच्या कबूल तारखेपासून मोजतात. तेवढ्यात दुकानदार गाशा गुंडाळून पळाला तर भुर्दंड प्रोसेसरला. त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं तर मी म्हणजे अचानक आठपट विक्री करणारा, माल अजून न बनवलेला, अनोळखी इसम. मीही मला पैसे दिले नसते.

दादाचं म्हणणं, 'बघ, स्वस्तातलं.' मी त्याच आठवड्यात चिडून आणखी चार कंपन्यांची अॅग्रीमेंट वाचली. तीन ठिकाणी हाच कलम, आणि सगळ्यात महागडी होती तिची भाषा तर सगळ्यात कडक. मग यात स्वस्ताचा संबंध काय? पण दादाला कोण सांगणार.

बरं, मोठी कंपनी म्हणजे भरवसा, हे दादाचं दुसरं पालुपद. वायरकार्ड आठवते का? जर्मनीची पेमेंट कंपनी, डॅक्स या तिथल्या शेअर बाजाराच्या मुख्य निर्देशांकात होती, मोठ्या ऑडिटरच्या सह्या होत्या. जून २०२० मध्ये कळलं की हिशोबात दाखवलेले १.९ अब्ज युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, आणि त्याच महिन्यात दिवाळं. ब्रिटनमधल्या तिच्या कंपनीवर तिथल्या नियामकाने काही दिवस बंदी आणली आणि तिच्या जोरावर चालणाऱ्या भलत्याच अॅपमधले लोकांचे पैसे अडकले. त्या लोकांनी वायरकार्डचं नावही ऐकलं नसेल.

म्हणून माझं मत सरळ आहे. रेटवरून विश्वास ठरवू नका, रेटवरून फक्त त्यांची कमाई कुठून येते ते ठरवा. कार्ड फीचा मोठा हिस्सा इंटरचेंज म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा व्हिसा-मास्टरकार्डला, आणि उरलेला काय तो प्रोसेसरचा. पहिले दोन त्याच्या हातात नाहीत. युरोपियन युनियनने २०१५ मध्ये साध्या ग्राहक कार्डांवरचं इंटरचेंज डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर बांधलं, त्यामुळे तिथला रेट स्वस्त दिसणारच. अशी मर्यादा नसलेल्या ठिकाणी कुणी तोच रेट दाखवायला लागला तर मनात पाल चुकचुकली पाहिजे. बहुतेक वेळा गोम अशी असते की जाहिरातीतला आकडा 'क्वालिफाइड' कार्डांचा, म्हणजे मशीनवर लावलेल्या साध्या कार्डाचा. ऑनलाइन व्यवहार, रिवॉर्डवालं कार्ड, कंपनीचं कार्ड, परदेशी कार्ड, हे सगळे वरच्या पायरीत. माझ्या १.४ चा खरा हिशोब, एकूण कापलेले भागिले एकूण विक्री, २.९ निघाला. हे मात्र मी दादाला सांगितलेलं नाही.

त्यामुळे इंटरचेंज वेगळं आणि आपला हिस्सा वेगळा दाखवणारा प्रोसेसर असेल तर मला तो जास्त बरा वाटतो, भले बिल वाचताना डोकं उठो. बाकी मासिक किमान फी, गेटवे फी (वेबसाइटवरून कार्डाची माहिती पुढे पाठवण्याची), चार्जबॅक जिंकलात तरी लागणारी फी, रिफंड केल्यावर परत न मिळणारी मूळ फी, मुदतीआधी सोडल्याचा दंड, हे लेखी मागा. 'तसं काही नसतं सर' हे उत्तर फोनवर मिळालं तर तेच मेलवर मागा, मेल येत नाही.

आणि तुमचे पैसे नेमके कुणाकडे असतात ते विचारा. मागे कुठली बँक आहे, खातं तुमच्या नावाचं की त्यांच्या छत्राखालचं उपखातं? उपखातं असेल तर एका दिवसात चालू होतं, मात्र नीट चौकशी नंतर होते, ऐन हंगामात, माझ्यासारखी. व्हिसाची सेवा देणाऱ्या कंपन्यांची यादी ऑनलाइन आहे, त्यात नाव शोधा. वेबसाइटच्या तळाशी पीसीआयचं, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमांचं, चित्र कुणीही चिकटवतो. पीसीआय डीएसएसचं (त्या नियमावलीचं पूर्ण नाव) अटेस्टेशन, म्हणजे नियम पाळल्याचा लेखी दाखला मागा आणि तारीख बघा, कारण नियमांची ३.२.१ ही आवृत्ती ३१ मार्च २०२४ लाच निवृत्त झाली. दर महिन्याला पैसे कापायचे असतील तर सोडून जाताना गिऱ्हाइकांची सेव्ह केलेली कार्डं दुसऱ्या प्रोसेसरकडे हलवून देणार का तेही आत्ताच विचारा.

माझी स्वतःची एक परीक्षा आहे. साइन करायच्या आधी सपोर्टला लिहितो, 'माझी विक्री पुढच्या महिन्यात आठपट झाली तर तुम्ही काय कराल?' 'काळजी करू नका सर' म्हणणारा बाद. आधी कळवा, सप्लायरची बिलं पाठवा, दहा टक्के सहा महिने रिझर्व्हमध्ये ठेवू आणि बाकीचे देऊ, असं काही सांगणारा माणूस भेटला तर तिथे थांबा. मी तसाच निवडला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. माझे पैसे शेवटी मिळाले, १८० दिवसांनी, फी वजा जाता पूर्ण, म्हणजे ती कंपनी चोर नव्हती. तुमचा माल त्याच दिवशी डाउनलोड होणारा असेल तर वरच्यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. आणि पैसे अडकले म्हणून रागाने गिऱ्हाइकांना 'बँकेकडे तक्रार करा' सांगू नका, मी सांगणार होतो. चार्जबॅक वाढले म्हणून खातं बंद झालं तर मास्टरकार्डच्या मॅच यादीत, म्हणजे खाती बंद केलेल्या दुकानदारांच्या यादीत नाव जाऊ शकतं, तिथे ते पाच वर्षं राहतं, आणि मग स्वस्त-महाग सोडा, कुणी दारातही उभं करत नाही.

आत्ताच्या प्रोसेसरचा रेट जुन्यापेक्षा जास्त आहे का? कागदावर आहे, हो. पण निवडला तो रिझर्व्हच्या उत्तरावर, रेटवर नाही, त्यामुळे तो मुद्दा धरता येणार नाही. दादा, तू हे वाचत असशील तर इथे काही लिहू नकोस, सरळ फोन कर.