उशीर झालेला नाही, पण हात खाली पडतात

प्रश्न : वय २५. सहा वर्षं पगारावर फुटबॉल खेळलो, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. यंदा क्लबने करार वाढवला नाही. काळाचौकीच्या जिममध्ये सहा महिने बॉक्सिंग करतोय, आता त्यातच उतरावंसं वाटतं. उशीर झालाय का? आईने बोलणं टाकलंय.

उत्तर : नाही रे, उशीर कसला? हौशी स्पर्धांत खुल्या गटात चाळिशीपर्यंत उतरता येतं. इंग्लंडचा कर्टिस वुडहाऊस एकेकाळचा शेफील्ड युनायटेडचा मिडफिल्डर. २००६ मध्ये, सव्विसाव्या वर्षी फुटबॉल सोडून व्यावसायिक बॉक्सर झाला आणि २०१४ मध्ये लाइट वेल्टरवेट या वजनगटाचा ब्रिटिश विजेता. मधली आठ वर्षं विसरू नकोस. त्यात तो हरलाही.

पाय तुझे तयार आहेत. कडेने येणाऱ्या विंगरसमोर बाजूला सरकायची, पंजावर गर्रकन वळायची सवय नवख्या बॉक्सरला लागायला फार दिवस जातात. अडचण आहे ती हातांची. कूपरेजवर खेळणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दोन राऊंड सुरेख नाचला. तिसऱ्यात दम लागला आणि दोन्ही हात कमरेशी गेले, मैदानावर जातात तसे. समोरच्याचा पुढचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, थेट हनुवटीवर. म्हणून रोज आरशासमोर तीन मिनिटं शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव), एक मिनिट विश्रांती, असे सहा राऊंड कर. ग्लोव्ह गालापासून किती वेळा सुटला ते मोज. आकडा शून्यावर येईपर्यंत लढत घेऊ नकोस, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

वजनाचंही बघ. काट्यावर तुझ्या मांड्याही भरतात. समोरच्याचं तेवढंच वजन पाठीत नि खांद्यात असतं, त्यामुळे खालच्या गटात उतरायचा मोह होईल. उपाशी राहून उतरू नकोस.

पगाराची सवय असलेल्याला हे कठीण जातं : व्यावसायिक बॉक्सरला पैसे मिळतात ते लढतीमागे. सकाळी लहान मुलांना फुटबॉल शिकवायचं काम धरून ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहा वर्षांत हेडर मारताना डोकं किती वेळा आपटलं? कधी अंधारी आली, उलटी झाली? एकेक आठवून कागदावर लिही आणि स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदारासोबतच्या सराव-लढतीच्या, आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. काही लपवू नकोस. आईला सोबत ने. तिला भीती वाटतेय ती याचीच, आणि डॉक्टरांना काय विचारायचं हे तुझ्यापेक्षा तिला जास्त सुचेल.